तुमचे थांबले की मी एकटीच येते

ऑगस्ट 2024 चा शेवटचा आठवडा होता. राखीपौर्णिमेच्या आधीच लाडकी बहीणचे दोन हप्ते, म्हणजे 3000 रुपये, खात्यांत पडले होते. ज्यांचे पडले नव्हते त्या सगळ्या तहसील कचेरीत खाली सेतू केंद्रापुढे उभ्या. वरच्या मजल्यावर आमची संजय गांधी शाखा, म्हणजे निराधार योजनेचं काम बघणारी, प्रकरणं मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीचे कागद लावत होती. विधानसभेची आचारसंहिता कधीही लागेल म्हणून अध्यक्षांना सगळी प्रकरणं एका दमात निकाली काढायची होती.

एवढ्यात पन्नाशीच्या एक बाई अर्ज घेऊन आल्या. विधवा, आमच्या यादीतल्या जुन्या लाभार्थी. अर्जात एकच ओळ: माझे निराधारचे बंद करून मला लाडकी बहीणमध्ये घ्यावे.

मी म्हणालो, "मावशी, दोन्हीकडे पंधराशेच आहेत. मग फायदा काय?"

"ते ठाऊक आहे मला. पण तुमचे दोन-दोन महिने येत नाहीत, त्यांचे सणाच्या आधी आले. त्यांचा फॉर्म भरायला पुढाऱ्याची पोरं दारात येतात, अन् तुमच्याकडं मी जिवंत आहे हे मलाच दरवर्षी येऊन सांगावं लागतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमचे थांबले की मी एकटीच हा जिना चढते, साहेब. त्यांचे थांबले तर अख्खी गल्ली येईल."

नोकरीत मी बरीच परिपत्रकं वाचली, पण हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. निराधार योजना 1980 पासून चालू आहे. कोणत्याही पक्षाचं सरकार आलं तरी ती बंद होत नाही, आणि तिच्यावर कुणी निवडणूकही जिंकत नाही. एका गावात विधवा, अपंग, परित्यक्ता अशी मोजकीच माणसं, तीही विखुरलेली. त्यांच्या वाट्याला येतो तो एकेकाला मिळणारा राजकीय आधार, शिफारशीचा. समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांनी नेमलेला असतो. मंजुरी मिळाली की माणूस हक्काचं मिळालं म्हणत नाही, भाऊंनी करून दिलं म्हणतो.

उत्पन्नाची अट बघा. लाडकी बहीणला वर्षाला अडीच लाख, निराधारला विधवांसाठी 21,000. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती, म्हणजे 71 दिवस खडी फोडली की माणूस निराधार राहत नाही. (म्हणून तर आमच्याकडचे दाखले बरोबर वीस-एकवीस हजारांचेच निघतात. कुणी खोलात जात नाही, आणि जाऊही नये.) लाडकी बहीणची वयोमर्यादा जाहीर झाल्यावर आठवड्याभरात 60 ची 65 झाली, पाच एकरांची अटही गेली. आमचे 21,000 मात्र वर्षानुवर्षे तिथेच.

रोजगार हमीचं नशीब निराळं. 1972 च्या दुष्काळानंतर तिच्यासाठी 1975 साली व्यवसायकर आला; माझ्याही पगारातून तो कापला जातो. कामावर मजूर शंभर-दोनशेंनी एकत्र असायचे, मजुरी थकली की तहसीलवर मोर्चा ठरलेला. निराधारांचा मोर्चा निघणार कसा? निम्म्यांना चालवत नाही.

बाईंना मी एवढंच सांगितलं, की लाडकी बहीण पासष्टीला संपते. निराधारवाल्यांना तेव्हा श्रावणबाळमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या योजनेत, घेतात, ते शेवटपर्यंत. त्यांनी हिशेब केला, अर्ज घडी करून पिशवीत टाकला. बैठकीत अध्यक्षांना हा किस्सा सांगितला तर ते हसले, "बाई हुशार आहे, बूथवर बसवा." आणि पुढचं प्रकरण घेतलं.

निवडणूक झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये लाडकी बहीणमधून 5 लाख नावं अपात्र ठरल्याचं सरकारने जाहीर केलं. त्यांतल्या 2 लाख 30 हजार निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. आमच्या तालुक्यातल्याही काही. मोर्चा वगैरे आला नाही. एकेकट्या यायच्या आणि विचारायच्या, निराधारचं तरी चालू राहील ना?

राहील म्हणायचो, फक्त हयातीचा दाखला वेळेत द्या.