पंच क्रमांक एक

मार्चएंडला सरकारी कारकुनाला कुणी हलवू नये. पाटबंधारेच्या उपविभागात मी तेव्हा वरिष्ठ लिपिक होतो. टेबलावर बिलांची चळत, ट्रेझरीत टोकन पडलं की नाही याची धाकधूक, आणि वर कोरोनामुळे निम्मा स्टाफ घरी. तारीख पक्की लक्षात आहे, २६ मार्च २०२१, शुक्रवार. सकाळी साडेदहाला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं. टेबलावर ‘गोपनीय’ शिक्क्याचं पाकीट.

“तुम्ही आणि कृषी ऑफिसचे नाना. लाचलुचपतवाल्यांना दोन पंच हवेत. घरी फोन करायचा नाही, कुठे चाललो ते कुणाला सांगायचं नाही.”

सरकारी नोकराला पंच म्हणून बोलावलं की नाही म्हणायची सोय नसते. बिलं शेजारच्या टेबलावर सरकवली आणि निघालो. (तालुका, ठाणं, माणसांची नावं यातलं काहीच इथे देत नाही. जिल्हा खान्देशातला, नदी गिरणा, एवढं पुरे.)

तो आठवडा आठवत असेल तर पुढचं लवकर कळेल. आधीच्या शनिवारी, २० तारखेला, मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून नुकतेच हलवलेले परमबीर सिंह यांचं मुख्यमंत्र्यांना लिहिलेलं पत्र बाहेर आलं होतं. गृहमंत्री अनिल देशमुखांनी महिन्याला शंभर कोटी वसूल करायला सांगितलं, असा त्यात आरोप. देशमुखांनी तो साफ नाकारला. मंगळवारी विरोधी पक्षनेते फडणवीसांनी पोलिसांच्या बदल्यांतल्या रॅकेटचा विषय काढला. त्याआधी महिनाभर अंबानींच्या घराजवळ सापडलेली स्फोटकांची गाडी आणि त्यात अटक झालेले पोलीस अधिकारी सचिन वाझे चालूच होते. सलूनच्या खुर्चीत, बसस्टँडवर, अंत्ययात्रेत सुद्धा हाच विषय. आमच्या ऑफिसच्या शिपायाने तर शंभर कोटीला छत्तीस जिल्ह्यांनी भागून दाखवलं होतं. पत्रातला हिशेब मुंबईतल्या बारचा होता, पण गावात तेवढं बारकाईनं कोण वाचतो?

लाचलुचपतच्या ऑफिसात तक्रारदार बसलेला. तीस-बत्तीस वर्षांचा, गळ्यात रुमाल, पायात चपलेवर चढलेला गाळ. दोन रात्रींपूर्वी त्याचा ट्रॅक्टर वाळूसकट पकडला होता आणि ठाण्याच्या आवारात उभा होता. गुन्हा दाखल न करता सोडायचे तिथल्या हवालदाराने पंचवीस हजार मागितले, पंधरावर तुटलं. शिवाय दर महिन्याला पाच, म्हणजे रात्री कुणी अडवणार नाही. तो काही धुतल्या तांदळाचा नव्हता. वाळूची पावती नव्हतीच त्याच्याकडे, आणि तसं त्यानं तक्रारीत लिहूनही दिलं. तहसीलच्या रस्त्याने गेला असता तर दंड लाखाच्या पुढे जातो. पंधरा हजार त्याला स्वस्तच पडत होते. मग तक्रार का केली? मॅडमनी, म्हणजे तिथल्या पोलीस निरीक्षकांनी, आमच्यासमोर विचारलं.

“पंधरा दिले असते हो. हे महिन्याचं पाच कुठून आणू? ट्रॅक्टरचा हप्ता वेगळा, याचा हप्ता वेगळा.”

मग तो आमच्याकडे वळून हळूच नानांना म्हणाला, “पन हाई बी पोलीसच शेतस ना?”

नानांकडे उत्तर नव्हतं. लाचलुचपत खात्यातली माणसं पोलीस दलातूनच येतात, काही वर्षांनी परत तिथेच जातात. उद्या त्याच ठाण्याला बदली झाली तर? मॅडमनी ऐकलं असावं. काही बोलल्या नाहीत. तक्रारीच्या प्रत्येक पानावर आमच्या सह्या घेतल्या.

आधी पडताळणी. मागणी खरंच आहे का, हे पंचाने स्वतःच्या कानांनी ऐकायचं असतं. तक्रारदाराच्या खिशात आगपेटीएवढा रेकॉर्डर, आणि मी त्याचा चुलतमामा. ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर हवालदार आला. पन्नाशीकडे झुकलेला, मास्क हनुवटीवर, बोलणं अगदी घरचं. मला रामराम घातला. चहा त्याने स्वतः सांगितला, आणि पैसेही त्यानेच दिले.

तक्रारदार म्हणाला, दहात भागवा.

“पंधरा म्हणजे पंधरा. यात मला काय राहतं सांग बरं? साहेबांना द्यावे लागतात. आणि साहेब काय घरी नेतात? त्यांनाही वर द्यावे लागतात. शंभर कोटीचं वाचलं नाही का पेपरात?”

हे वाक्य मी नंतर कोर्टात जसंच्या तसं सांगितलं, म्हणून ते पाठ आहे. तेव्हा मात्र चहाचा घोट अडकला. मुंबईतला आरोप अजून आरोपच होता, चौकशीचा पत्ता नव्हता, आणि इथे गिरणेकाठी एक हवालदार तो भावपत्रकासारखा वापरत होता. लोकांचा वरच्यांवर विश्वास राहिला नाही की काय होतं, याचं मला दिसलेलं हे रूप: तक्रारदाराने मान डोलावली. त्याला ते पटलं! वर जातातच, मग पंधरा वाजवी आहेत, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

परत आलो. तक्रारदाराने आणलेल्या पाचशेच्या तीस नोटा. प्रत्येकीचा नंबर नानांनी वाचायचा, मी ताडून बघायचा. मग एका शिपायाने नोटांना अँथ्रासीनची पूड लावली. साध्या उजेडात काही दिसत नाही. खोली अंधारी करून जांभळ्या दिव्याखाली धरल्या की नोटा निळसर पांढऱ्या चमकतात. पूड लावणाऱ्याची बोटं चमकली. मग बाकीच्या सगळ्यांचे हात त्या दिव्याखाली, आमचेही. माझ्या हातावर काही चमकलं नाही आणि उगाच हायसं वाटलं. अठ्ठावीस वर्षं पाटबंधारेत काढलीत. दिवाळीत ठेकेदारांकडून आलेले मिठाईचे डबे नेमके तेव्हाच आठवले.

खूण ठरवताना थोडी गंमत झाली. आधी म्हणाले, पैसे घेतले की मास्क खाली करायचा. नाना म्हणाले, साहेब, खान्देशात मास्क वरच कुणाचा असतो? मग गळ्यातला रुमाल डोक्याला बांधायचा, असं ठरलं. मागितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत, हात मिळवायचा नाही, हे तीनतीनदा बजावलं. दुपारी कुणीतरी शेवभाजी आणि भाकरी आणली. तक्रारदाराने खाल्ली नाही. मी खाल्ली.

जीपमध्ये पथकातले एक वयस्कर हवालदार माझ्याशेजारी. मी विचारलं, टपरीवर तो साहेबांचं नाव घेत होता, मग साहेब का नाही सापळ्यात?

“साहेब कधी मागतो का? आणि भाऊ, साहेबाचं नाव सांगून स्वतःचा खिसा भरणारे मी शेकड्याने पाहिलेत. दोन्ही असतं. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्याच्या वेळी २००३ साली मुंबईचे आयुक्त निवृत्त झाले आणि लगेच अटक झाले. पुढे कोर्टाने त्यांना आरोपातून मोकळं केलं. लोकांना अटक आठवते, पुढचं नाही आठवत.”

मला ते पटलं, आणि थोडं सोयीचंही वाटलं. त्यांनीच पुढे समजावलं. जो रंगेहाथ सापडतो त्याच्या जागेवरच्या अटकेला कुणाची परवानगी लागत नाही. पण त्याने ज्याचं नाव घेतलं, त्या अधिकाऱ्याच्या निर्णयांची चौकशी करायची तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर वरून पूर्वपरवानगी लागते. वरून म्हणजे कुठून, तर तिथूनच, जिथे पैसे जातात असं टपरीवरचा हवालदार म्हणत होता.

साडेपाच वाजता आम्ही ठाण्यात शिरलो. आवारात ट्रॅक्टर, ट्रॉलीतल्या वाळूवर दोन कुत्री झोपलेली. हवालदाराचं टेबल व्हरांड्याच्या टोकाला. त्याच्या मागे चार पावलांवर साहेबांच्या केबिनचं दार, आणि दाराला लागून तिवईवर पाण्याचा माठ. स्टीलचा ग्लास माठालाच साखळीने बांधलेला. हे सगळं इतकं बारीक का सांगतोय ते पुढे येईल.

“आणले का?”

तक्रारदाराने काढले. हवालदाराने मोजले नाहीत. घडी करून पँटच्या खिशात टाकले. मग टेबलावरची सॅनिटायझरची बाटली दोनदा दाबली आणि हात खसाखसा चोळले. वर्षभरात अंगवळणी पडलेली सवय. माझ्या पोटात गोळा आला, पूड गेली की काय! तक्रारदाराने रुमाल डोक्याला बांधला, त्याचे हात थरथरत होते. हवालदार उठला आणि मागे वळला.

तीन पावलं टाकली असतील. पथक आलं.

दोन जणांनी मनगटं धरली. त्याने आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, “मामा, तुम्ही?” ते मला अजून लागतं.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. गणवेश कडक, चेहऱ्यावर रेष हललेली नाही. ओळखपत्रं बघितली आणि म्हणाले, “माझी केबिन वापरा, अंधार करता येईल.” पडदे ओढले, एसी चालू होता. दिव्याखाली हवालदाराचे हात धरले. तळवे जवळजवळ कोरे, पण नखांच्या कडा आणि बोटांच्या पेरांच्या रेघा निळ्या. खिशाची आतली बाजू निळी. मग कुणीतरी बाटली आणली. दाबायच्या टोकावर अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता की रेषा मोजून घ्याव्यात.

नोटांचे नंबर जुळले. पंचनामा साहेबांच्याच टेबलावर, त्यांच्याच पॅडवर कागद ठेवून लिहिला. साडेनऊ वाजले. साहेबांनी सगळ्यांना चहा पाठवला. मीही घेतला. दाराची कडी लॅम्पखाली बघावी, असं माझ्या मनात आलं, पण ती बघून काय उपयोग? तो तिथवर पोहोचलाच नव्हता.

इथून गोष्ट माठाची आहे.

तीनेक वर्षांनी कोर्टात उभा राहिलो तेव्हा मी रिटायर झालो होतो. तक्रारदार आधीच फितूर झाला होता. पैसे उसने घेतले होते ते परत केले, असं त्याने शपथेवर सांगितलं. अशा वेळी सगळा भार पंचावर येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने म्हटलं आहे की तक्रारदार उलटला तरी मागणी इतर पुराव्यांवरून सिद्ध होऊ शकते. आमच्या केसमध्ये तो इतर पुरावा म्हणजे रेकॉर्डर आणि मी.

उलटतपासणी दोन तास. मी तीस नंबर पाठ केलेत का, चष्मा केव्हापासून लागला, टपरीवर रेडिओ चालू होता का. मग हवालदाराच्या वकिलाने एकदम विचारलं:

“आरोपी उठून कुठे चालला होता?”

मला वाटलं होतं हा प्रश्न सरकारी वकील विचारतील.

“मागे.”

“मागे पाण्याचा माठ आहे?”

“आहे.”

“म्हणजे पाणी प्यायला चालला होता.”

“माठ आहे आणि केबिनचं दारही आहे. कुठे चालला होता ते सांगता येत नाही.”

न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं आणि माझं वाक्य तसंच टायपिस्टला सांगितलं. पथक दोन पावलं उशिरा आलं असतं तर? हात माठाच्या साखळीला लागला असता किंवा दाराच्या कडीला. घाईत होते, चुकले, की कुणी मुद्दाम लवकर बोलावलं? मी त्यांच्यासोबत दिवसभर होतो. मला ती माणसं सरळ वाटली. तरीही हा प्रश्न मनात येतो, म्हणजे मलाही लागण झालीच आहे.

हवालदाराला कायद्यातली किमान शिक्षा लागली, तीन वर्षं. अपील केलंय, जामिनावर आहे. साहेबांची बदली आधी कंट्रोल रूमला झाली आणि काही महिन्यांनी दुसऱ्या ठाण्याला. त्यांच्याविरुद्ध रेकॉर्डिंगमधल्या एका शब्दाशिवाय काहीच नव्हतं, हेही खरं. आणि मुंबईत? देशमुखांनी त्याच एप्रिलमध्ये राजीनामा दिला, नोव्हेंबरात अटक झाली, डिसेंबर २०२२ च्या अखेरीस जामिनावर सुटले. परमबीर सिंह डिसेंबर २०२१ मध्ये निलंबित झाले आणि मे २०२३ मध्ये ते निलंबन मागे घेतलं गेलं. आमच्या शिपायाने हे सगळं वाचून एवढंच विचारलं, “मग शंभर कोटी होते का नव्हते?”

गेल्या लग्नसराईत एका मांडवात तक्रारदार भेटला. मी टाळणार होतो, तोच आला. ट्रॅक्टर दंड भरून सोडवला, कर्ज काढलं, आता ट्रॅक्टर विकलाच. फितूर का झालास, असं मी विचारलं नाही, पण त्याने सांगितलं.

“हवालदार जाई, साहेब ऱ्हाई. मले आठेच ऱ्हानं शे, भाऊ.”

थोड्या वेळाने पानाचा तोबरा सांभाळत म्हणाला, “कोर्टमा तुम्ही माठनं सांगं म्हने.”

“मी माठ आणि दार दोन्ही सांगितलं.”

तो हसला. पंगत बसत होती. जाताजाता त्याने मला मांडवाच्या खांबाशी ठेवलेला पाण्याचा जार दाखवला आणि विचारलं, “पानी पेता का, मामा?”