अंगात काही धातू आहे का?

एमआरआयसाठी आलेल्या प्रत्येकाकडून आम्ही एक फॉर्म भरून घेतो. पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप बसवली आहे का, कानाचं मशीन आहे का, आणि खाली कुठेतरी : अंगात गोळी, छर्रा किंवा धातूचा तुकडा आहे का? नातेवाईक घाईघाईत सगळ्यांपुढे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. साताऱ्यात एवढ्यावर भागत नाही. इथे एमआयडीसीत लेथवर, वेल्डिंगवर जन्म काढलेली माणसं येतात. डोळ्यात कधीकाळी उडालेला लोखंडाचा कण त्यांच्या लक्षातही नसतो. आणि फौजेतले तर किती! पहिल्या महायुद्धात एका गावातले ४६ जण कामी आले, ते अपशिंगे मिलिटरी आमच्याच जिल्ह्यातलं. म्हणून मी फॉर्म वाचते आणि वर तोंडीही विचारते.

गेल्या पावसाळ्यात माण तालुक्यातले एक आबा आले होते. कंबर धरलेली, दोन्ही पायांना मुंग्या, चार पावलं चाललं की बसावं लागायचं. सोबत आजी आणि नातू. फॉर्म नातवानेच भरला होता, सगळीकडे ‘नाही’. मी तंबाखूची डबी काढून घेतली, करदोडा काढायला लावला आणि गाऊन घालायला सांगितलं. आबा बाहेर आले तेव्हा डाव्या मांडीवर बाहेरच्या अंगाला जुना व्रण दिसला. कातडी आत ओढल्यासारखी, रंग उडालेला.

“आबा, हे काय?”

“गाडीवरनं पडलोवतो. लई वर्सं झाली.”

“पलटणीत असताना?”

“हां.”

पडल्याचा व्रण असा नसतो. आमचं यंत्र १.५ टेस्लाचं आहे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतं, रात्री कुलूप लावून घरी गेलो तरी चालू. अंगात पोलाद असेल तर ते जागचं हलू शकतं, तापू शकतं. मी आबांना दाराबाहेरच थांबवलं आणि डॉक्टरांना विचारून मांडीचा एक्स-रे घेतला, समोरून आणि बाजूने.

हाडाच्या आतल्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा, कडा ओबडधोबड, हाडापेक्षा कितीतरी पांढरा. धातू एक्स-रेवर असाच दिसतो, शंकेला जागाच ठेवत नाही.

नातू स्क्रीनकडे बघतच राहिला. “आबा, हे गाडीवरनं पडून?”

उत्तर आजींनी दिलं. “गाडी कुठली आलीय. बॉम्बचा हाय त्यो.”

रेडिओलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही फिल्म पाहिल्या. इतकी वर्षं मांसात रुजलेला तुकडा बहुतेक वेळा हलत नाही, डॉक्टरही असे खोलवरचे तुकडे मुद्दाम आत ठेवतात, कारण काढताना जास्त नुकसान होतं. पण हा मांडीतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या जवळ होता. त्यांनी एमआरआय रद्द केला आणि कमरेचा सीटी करायचं ठरवलं. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, चिठ्ठीवर एमआरआय लिहिलेलं, म्हणून नातू पॉलिक्लिनिककडे चिठ्ठी बदलून आणायला गेला. नंतरचे दोन पेशंट आले नव्हते. मी चहा मागवला.

लढाईबद्दल आबा जेवढ्यास तेवढं बोलले. १९७१ची बांगलादेशची लढाई, पहिली मराठा (मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन), जंगी पलटण. ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागचा रस्ता अडवून बसले होते. १० डिसेंबरच्या रात्री आतली पाकिस्तानी फौज तिथून बाहेर पडायला बघत होती. “मोर्टारचा गोळा फुटला. पलटण फुडं गेली, मी स्ट्रेचरवर मागं. ढाका काय बघाया मिळालं न्हाय.” संपलं. मी वाट पाहिली, पण त्यांनी चहा बशीत ओतला. जमालपूरचा युद्धसन्मान आजही त्या पलटणीच्या नावावर आहे, आणि या माणसाने ते सगळं चार वाक्यांत उरकलं.

सुट्टीवर घरी आले ती गोष्ट मात्र नातू परत येईपर्यंत चालली.

दवाखान्यातून सुटल्यावर ते गावी गेलेच नाहीत. लंगडत गेलो असतो तर आईने पुन्हा सोडलं नसतं, म्हणून चाल सुधारेपर्यंत पलटणीतच राहिले. घरी आले ते एकदम बहात्तरच्या दिवाळीत, ऐन दुष्काळात. दहिवडीला एसटीतून उतरले, डोक्यावर काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यात आईसाठी लुगडं. गावात पोचले तर घराला कडी. शेजारीही कुणी नाही. एका म्हाताऱ्याने सांगितलं, सगळी कामावर गेलीत, पाझर तलावाच्या.

ते वर्दीतच तसे निघाले. माळावर शे-दीडशे बाया-माणसं खडी फोडत बसलेली. इस्त्रीची वर्दी येताना पाहून कुणीतरी ओरडलं, साहेब आला, आणि सगळ्यांचे हातोडे भराभर पडायला लागले. मुकादम उठून उभा राहिला. “सलाम ठोकला त्यानं मला. आई बी मान खाली घालून फोडतीया. मी फुडं जाऊन हुबा ऱ्हायलो, तरी वर बघंना.”

“मी वळीकलं,” आजी म्हणाल्या. “बुटावरनं न्हाय, चालीवरनं. पाय टाकताना एक बाजू कमी पडत व्हती.”

आई लगेच उठली नाही. ढीग मोजून मगच पैसे मिळायचे, आणि मोजणारा यायची वेळ झालेली. आबा म्हणाले, मग मीच हातोडा घेतला, ती बसली. संध्याकाळी घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, भाकरी आणि दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी. “तांबडी भाकरी, घशाखाली उतरत न्हवती. पलटणीत आमी तूप-डाळ खात व्हतो. मला लाज वाटली, पोरी. गोळ्याची न्हाय वाटली कवा, त्याची वाटली.”

आईने व्रण पाहिला तेव्हा ‘गाडीवरनं पडलो’ तयारच होतं. रात्री आजींना खरं सांगितलं, आणि सासूपुढे तोंड उघडायचं नाही असंही. सासूबाई जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. मग पुढं का नाही सांगितलं घरात? आजींना हा प्रश्नच विचित्र वाटला. “कुनी इचारलंच न्हाय.”

नातू चिठ्ठी घेऊन आला, सीटी झाला. कमरेत मणक्याचा मार्ग अरुंद झालेला, नसा दाबल्या जात होत्या. तुकड्याचा त्या दुखण्याशी काही संबंध नव्हता. मी एक्स-रेची प्रत दिली आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं : डाव्या मांडीत धातूचा तुकडा, एमआरआयआधी दाखवणे. आजींनी तो ईसीएचएसच्या कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला.

“आबा, जमालपूर नक्की कुठं आलं?” नातू मोबाईलवर नकाशा काढत होता.

“आधी गाडी काढ,” आबा म्हणाले. “स्टँडाफुडं आत्ता गर्दी हुती.”