डॉक्टर आले की निघायचं

ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये नोव्हेंबर लागला की ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एकच चौकशी सुरू होते: आज डॉक्टर किती वाजता येणार? नव्या माणसाला वाटतं, कुणाचं तरी दुखतंखुपतं आहे. हा डॉक्टर म्हणजे दुपारी समुद्रावरून येणारा नैऋत्येचा वारा, ‘फ्रीमँटल डॉक्टर’. फ्रीमँटल हे पर्थचं बंदर. वारा आधी तिथे पोचतो, मग वीसेक किलोमीटर आत शहरात शिरतो आणि चाळीस अंशांत भाजून निघालेल्या लोकांच्या जिवात जीव आणतो. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केले आणि विसरलो. इथे लोक त्यांच्यावर शनिवार-रविवार ठरवतात.

मी तर अख्खी रजाच त्यांच्यावर ठरवली. काइटसर्फिंगचं, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर धावण्याचं, वेड लागलेल्या माणसाला दुसरा इलाज नसतो. सकाळी इथे पूर्वेचा वारा असतो, वाळवंटावरून येणारा, कोरडा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. त्या वाऱ्यावर काइट उडवली आणि काही बिनसलं, तर तो तुम्हाला थेट आफ्रिकेच्या दिशेने नेणार. त्यामुळे सकाळ गाडी चालवायला आणि बघण्यासारखं बघायला. दुपारी जमीन तापली, वारा फिरला, की किनारा. कधीकधी कमी दाबाचा पट्टा समुद्रावरच मुक्काम ठोकतो आणि मग डॉक्टर येतच नाहीत. दिवसभर पूर्वेची भट्टी. अशा दिवशी काइटवाल्यांची तोंडं बघवत नाहीत.

शिकले मी पर्थच्या दक्षिणेला, सेफ्टी बेला. तिथे वाळूच्या दांड्याने अडवलेलं उथळ पाणी आहे, सगळे त्याला ‘द पाँड’ म्हणतात. पाणी कमरेपर्यंत, खाली वाळू, समोर पेंग्विन आयलंड. पहिले काही तास बोर्डाला हातसुद्धा लावू देत नाहीत. नुसती काइट धरून पाण्यातून फरफटत जायचं, आणि हा रीतसर धडा आहे, त्याला नावही आहे, बॉडी ड्रॅगिंग. हेल्मेटमधल्या रेडिओवर शिकवणारी बाई शांतपणे सांगत असते, ‘बार सोड.’ बार म्हणजे काइटच्या दोऱ्या जोडलेला हातातला दांडा. घाबरलेला माणूस बार घट्ट ओढतो आणि काइट आणखी जोरात खेचते. सोडला की ती नरमते. हे डोक्याला लगेच पटतं, हातांना पटायला बराच वेळ लागतो.

आईला फोनवर सांगितलं तर तिची पहिली शंका: ‘अगं, मांजाने हात कापतील.’ शंका बरोबर आहे. या दोऱ्या डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याच्या असतात, बारीक आणि चिवट, आणि ताण असताना त्यांना कधीही हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावतात. बाबांचा विरोध मात्र २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइटच्या शर्यती झाल्या हे कळल्यावर मावळला. त्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या होत्या आणि बाबांनी त्या माझ्याआधी पाहिल्या.

तर रजा टाकली, टपावर बोर्ड बांधले आणि इंडियन ओशन ड्राइव्हने उत्तरेला निघालो. हा रस्ता २०१० मध्ये पूर्ण झाला. त्याआधी किनाऱ्यावरच्या सर्व्हँटिस गावाला जायचं तर आतल्या हायवेने वळसा पडायचा. एका अंगाला झुडपांचं रान, मधूनच बँक्सिया आणि गवताचे झुपके डोक्यावर घेतलेली ग्रास ट्री, दुसऱ्या अंगाला टेकड्यांआडून अचानक पांढऱ्याशुभ्र वाळूचे ढीग. गावं लांब लांब. पंप दिसला की टाकी भरायची, पाणी घ्यायचं आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात आणि ते हॉर्नला जुमानत नाहीत.

लॅन्सेलिन या किनाऱ्यावरच्या गावाला पोचलो तेव्हा वारा पडलेला होता. पूर्वेचा थांबला, नैऋत्येचा अजून यायचाय, अशी मधली वेळ. माश्या इतक्या की बोलायला तोंड उघडायची सोय नाही. नवरा काइटच्या भानगडीत पडत नाही. तो गाडी चालवतो, फोटो काढतो आणि काइट उडवताना धरायला उभा राहतो. या तिसऱ्या कामाची किंमत काइटवाल्यांनाच कळेल. आम्ही गाडीच्या सावलीत मेथीचे ठेपले खात बसलो आणि तो म्हणाला, ‘ते बघ.’ क्षितिजाजवळ पाण्याचा रंग बदलत होता. निळ्यावर गडद पट्टा उमटला आणि तो किनाऱ्याकडे सरकू लागला. पट्टा खाडीत शिरला, टोपी उडाली, माश्या गायब. डॉक्टर आले.

मग एकच धांदल. काइटच्या पुढच्या कडेला एक जाड नळी असते, ती पंपाने टणक होईपर्यंत फुगवायची. ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये या फुगवायच्या काइटचं पेटंट घेतलं. पाण्यात पडलेली काइट बुडत नाही आणि तिथूनच पुन्हा उडवता येते, ती या हवेच्या नळीमुळे. फुगवून झाली की ती पालथी ठेवून वर वाळू टाकायची, नाहीतर गेलीच ती पार्किंगमध्ये. चार दोऱ्या उलगडायच्या, प्रत्येक बोटांमधून सोडत चालत जायचं, पीळ नाही ना बघायचं, गाठी मारून जोडायच्या. माझं वजन जेमतेम पंचावन्न किलो, वारा वीस नॉट (ताशी साधारण सदतीस किलोमीटर), म्हणजे नऊ चौरस मीटरची काइट पुष्कळ झाली.

नवऱ्याने काइट कडेवर उभी धरली. मी कमरेच्या पट्ट्याला, हार्नेसला, बार अडकवून मागे सरकत गेले. दोऱ्या ताठ होईपर्यंत कापड फडफडत असतं, इतकं की एकमेकांचं ऐकू येत नाही. आणखी एक पाऊल बाजूला घेतलं आणि फडफड एकदम थांबली, कापड ताणलं गेलं, कमरेला ओढ लागली. अंगठा वर केला, त्याने सोडली, काइट सावकाश माझ्या डोक्यावर आली. पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की इथे वारा डावीकडून येतो, किनाऱ्याला जवळजवळ समांतर, म्हणजे सगळ्यात चांगला. पाण्यात बसले, बोर्डात पाय घातले, काइट समुद्राच्या बाजूला खाली सोडली आणि पाण्याने मला वर उचलून दिलं.

लॅन्सेलिनच्या खाडीपुढे बेटं आणि खडकांची रांग आहे. मोठ्या लाटा तिथेच फुटतात, आत पाणी त्या मानाने सपाट. माझ्यासारखे आतल्या आत येरझाऱ्या घालतात. मुरलेले लोक खडकांपलीकडे जाऊन लाटांवर उड्या मारतात आणि परत येताना आपल्याकडे बघून हात हलवतात, ते जरा अतीच वाटतं. सूर्याचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. जानेवारीत इथला यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचा निर्देशांक, बाराच्या पुढे जातो. चेहऱ्यावर पांढरं झिंक थापलेली मंडळी दिसतात, ती हौस म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिनॅकल्स. नंबुंग राष्ट्रीय उद्यानात पिवळ्या वाळूतून चुनखडीचे हजारो सुळके वर आलेत, काही साडेतीन मीटर उंच, आणि त्यांच्यामधून चार किलोमीटरची वाट आहे; गाडीने फिरता येतं. समुद्रातल्या शिंपल्यांचा चुना, तो वाऱ्याने किनाऱ्यावर आणून टाकला, पावसाने मुरवला. म्हणजे इथेही शेवटी वाराच. आठ वाजताच गरम झळा येत होत्या, फोटोवाल्यांच्या गर्दीतून लवकर निघालो. जवळचं सर्व्हँटिस गाव १८४४ मध्ये इथे फुटलेल्या एका अमेरिकन व्हेलशिकारी जहाजाच्या नावाचं आहे, आणि सर्व्हँटिस हे स्पॅनिश लेखकाचं नाव, म्हणून रस्त्यांनाही स्पॅनिश नावं देऊन टाकलीत. गावाचं पोट शेवंडांवर. इथली शेवंडांची मासेमारी २००० साली जगात सर्वांत आधी शाश्वत म्हणून प्रमाणित झाली. आम्ही लसूण-लोण्यात भाजलेलं अर्धं शेवंड घेतलं. छान होतं, पण सोबत बटाट्याचे चिप्स. तिरफळं घातलेली आमटी असती तर वेगळीच गोष्ट.

आणखी उत्तरेला जेराल्डटन शहर, त्याच्या अलीकडे ग्रीनॉ लागतं. तिथली निलगिरीच्या जातीची झाडं पाहायला थांबाच. दक्षिणेकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांनी ती इतकी वाकवलीत की काहींचं खोड जमिनीला टेकून आडवंच वाढलंय, पानं सगळी उत्तरेला. ती बघून मी नवऱ्याला म्हटलं, उद्या वारा जोराचा, नऊ मीटरची नाही, लहान, सातची काइट काढू. वाऱ्याचा अंदाज सांगणाऱ्या ॲपपेक्षा या झाडांवर माझा जास्त विश्वास बसला.

जेराल्डटनच्या संग्रहालयात दगडी कमानीचे ठोकळे मांडलेत. १६२९ मध्ये ‘बटाविया’ हे डच जहाज इथून समोरच्या अब्रोल्होस बेटांच्या खडकांवर फुटलं, त्यातला हा माल, जावातल्या किल्ल्याच्या दरवाजासाठी निघालेला. डच जहाजं आफ्रिकेचं टोक ओलांडून दक्षिणेला उतरायची, तिथल्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर पूर्वेला धावायची आणि मग डावीकडे वळून जावा गाठायची. रेखांश मोजायची सोय नव्हती. वळायला उशीर झाला की पुढे हा किनारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोरोनेशन बीचला सातचीच काइट लागली, आणि तीही बार सोडूनच चालवावी लागली. तिथे तंबू ठोकून राहता येतं, पिण्याचं पाणी मात्र आपलं आपण न्यायचं. शेजारच्या तंबूत ब्राझीलचं जोडपं होतं. भाषेचा आनंदच होता. पण कोणी काइट घेऊन उभं राहिलं की दुसरा न सांगता धरायला जायचा.

परतीला ऊन वर आल्यावर निघालो. सकाळभर आडवा वारा, जुरियन बे सोडल्यावर तो तोंडावर आला. टपावरच्या बोर्डांमुळे गाडी नुसती कण्हत होती आणि पेट्रोलचा काटा बघता बघता खाली. भरायला लॅन्सेलिनला वळावं लागलं. वाजले होते अडीच. पंपावर पैसे देऊन नवरा बाहेर आला, गावावरच्या झेंड्याकडे एकदा बघितलं आणि ‘एक तास, त्यापुढे मिनिट नाही’ असं बजावून त्याने गाडी समुद्राच्या दिशेने घातली.