गावातलं लॉज

१० मे, रात्री साडेबारा

मावशीच्या गच्चीवर बसून मोबाईलच्या उजेडात लिहितेय. शेजारी नवरा घोरतोय, पलीकडे लग्नाला आलेली सात-आठ पोरं आडवीतिडवी पडलीत. संध्याकाळी पाणी मारलं होतं तरी फरशी अजून कोमट आहे.

दुपारी तीनला आम्ही स्टेशनजवळच्या एका हॉटेलात उतरलो होतो. जन्म सोलापूरचा, बारावीपर्यंत इथेच शिकले, पण सोलापुरात पैसे देऊन राहायची वेळ पहिल्यांदाच आली. बाबा गेल्यावर घर विकलं, तेव्हापासून गावात आपलं असं दार नाही. मावशीकडे लग्नघर, पाय ठेवायला जागा नाही. त्यात आईचे गुडघे. तिला कमोड लागतो आणि मावशीकडे तो नाही. म्हणून ॲपवरून दोन रात्रींचे ५,२०० रुपये आधीच भरले. फोटोत खोली छान होती. फोटोत काय, सगळंच छान असतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. एसी चालू होता, म्हणजे त्याचा दिवा लागत होता. वारा यायचा, गार नव्हता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “व्होल्टेज कमी आहे मॅडम, दहानंतर गार होतंय बघा.” सोलापूरचा मे महिना, चौऱ्याहत्तर वर्षांची आई, आणि हा दहापर्यंत थांबा म्हणतो! चादरीवर चहाच्या रंगाचा डाग. टॉवेल तिघांत एक, तोही कडेने दोरे सुटलेला. खरं सांगायचं तर एसीपेक्षा हे मला जास्त लागलं. इथल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, इथले टॉवेल परदेशात जातात. माझे आजोबा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. त्यांनी तो टॉवेल दोन बोटांत धरून बघितला असता आणि परत घडी घालून ठेवला असता, न बोलता. त्यांचं न बोलणं फार वाईट असायचं.

आठच्या सुमारास नळ कोरडा पडला. खाली फोन केला तर टँकर येतोय. नऊला टँकर निघालाय. पावणेदहाला एक पोरगा धापा टाकत दोन बादल्या घेऊन तीन जिने चढून आला. लिफ्ट बंद होती. त्याला काय बोलणार? आईने त्यालाच पाणी प्यायला दिलं, आमच्याच बाटलीतलं.

साडेदहाला आम्ही बॅगा उचलल्या. किल्ली काउंटरवर ठेवली आणि रिक्षा केली. जाताना आई म्हणाली, “ज्या गावात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, त्या गावातली तू. आधी टाकी किती लिटरची ते विचारायचं सोडून वायफाय विचारलंस.”

मावशीने दारातच घेतलं. “आमचं घर मोडलंय का गं? लॉजवर जायाला तू काय औषध कंपनीची एजंट हैस?” मग कमोडचं कळल्यावर ती गप्प झाली, चप्पल घालून रात्री अकराला गल्लीत गेली, आणि विसाव्या मिनिटाला शेजारच्या काकूंची कमोडची खुर्ची घेऊन आली. काकूंच्या सासूबाई गेल्यापासून माळ्यावर पडून होती. फोन केला असता एक, तर झालं असतं.

११ मे

लग्न छान झालं. त्याबद्दल नंतर लिहीन.

सकाळी आठला हॉटेलवर जाऊन आले. मॅनेजर भेटले. अतिशय गोड माणूस, चहा मागवला. म्हणाले, “पैसे आमच्याकडं आलेच नाहीत ओ ताई, ॲपवाल्याकडं हैत. त्यांना सांगा.” रजिस्टरमध्ये काल रात्री खोली सोडल्याची वेळ लिहा म्हटलं तर म्हणे कॉम्प्युटरमध्ये असतं सगळं. इथे मी गाढवपणा केला होता. रात्री निघताना वेळ लिहून सही करायला हवी होती. किल्ली ठेवून निघून गेलं की कागदावर आपण तिथेच झोपलेलो असतो. नशिबाने कोरड्या नळाचा व्हिडिओ काढला होता, आणि नवऱ्याने रिक्षातून मॅनेजरांना व्हॉट्सॲप केला होता, “खोली सोडत आहोत, पाणी नाही.” त्यावर वेळ आहे, १०:४१. ते तेव्हा काही बोलले नाहीत, पण दोन निळ्या टिका आल्या होत्या.

१९ मे, ठाणे

आठ दिवसांत ॲपच्या कस्टमर केअरला सहा फोन. प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी. त्यांचं म्हणणं, हॉटेलने ‘गेस्ट राहून गेले’ असं कळवलंय, हॉटेलने होकार दिला तर पैसे परत. हॉटेल म्हणतं पैसे ॲपकडे. म्हणजे एकाच्या हातात पैसे, दुसऱ्याच्या हातात होकार, आणि मी मधे चेंडू. शेवटी पाचशे रुपयांचं कूपन देऊ केलं. पुढच्या बुकिंगवर! ज्यांच्यामुळे गच्चीवर झोपले त्यांच्याकडेच परत जायचं बक्षीस.

आई म्हणते सोड. नवरा म्हणतो सोड. ५,२०० सोडण्याइतके आम्ही श्रीमंत नाही आणि भांडण्याइतके रिकामेही नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. तरी आज दुपारी १९१५ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. बाई शांतपणे ऐकत होत्या. तक्रार ॲपच्या नावावर आणि हॉटेलच्या नावावर वेगवेगळी करा म्हणाल्या. व्हिडिओ, व्हॉट्सॲपचा फोटो, पैसे भरल्याची पावती, सगळं जोडलं. नंबर मिळाला.

रात्री २०१९चा ग्राहक कायदा वाचत बसले. पावतीवर मुदत नसेल तर सदोष सेवेचे पैसे तीस दिवसांत परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार मी राहते तिथे, म्हणजे ठाण्यातच करता येते, सोलापूरला खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे तिन्ही मुद्दे ईमेलमध्ये लिहून दोघांना पाठवले. भाषा नवऱ्याने मऊ केली, मी पुन्हा कडक केली.

१४ जून

दुसऱ्या रात्रीचे २,६०० खात्यात आले. तीस दिवस उलटल्यावर चौथ्या दिवशी. पहिल्या रात्रीबद्दल ॲपचं उत्तर, ‘खोली काही तास वापरली गेली.’ वापरली! मॅनेजरांचाही फोन आला, पहिल्यासारखेच गोड. “हजार रुपये मी माझ्याकडून पाठवतो, तेवढी नेटवरची कमेंट काढा की.” मी म्हटलं, तुम्ही तुमच्याकडून नका देऊ, हॉटेलकडून पूर्ण द्या आणि कमेंट राहू दे, त्यात पैसे परत मिळाले हेही लिहीन. त्यावर ते मालकांना विचारून सांगतो म्हणाले. उरलेल्या २,६००ची तक्रार आयोगासाठी लिहायला घेतलीय. अर्धं पान झालंय.

संध्याकाळी मावशीचा फोन होता. शेंगाची चटणी कुणाबरोबर तरी पाठवतेय. पैशाचं तिला सांगितलंच नाही, नाहीतर लॉजचा विषय पुन्हा निघाला असता. तो तरीही निघालाच. मग म्हणाली, ती खुर्ची काकू परत घेत नाहीत, ठेवा म्हणाल्या. धुऊन, प्लास्टिक घालून माळ्यावर टाकलीय. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला आईला घेऊन ये.