आमची वाटचाल : छत्तीस चाकू आणि पाच लिटर तेल

मधली सुरळीत वर्षे सोडूनच देतो. चाकू बनत होते, जात होते. सांगायचे आहे ते वर्षअखेरच्या एका हंगामाबद्दल. सुट्ट्या तोंडावर आलेल्या, जो तो आपल्या भटक्या मित्राला चाकू भेट द्यायला निघालेला, आणि आमच्याकडे छत्तीस पात्यांना पाणी द्यायचे बाकी. पाणी देणे म्हणजे लाल तापवलेले पाते एकदम थंड करून कडक करणे. बुडवतो तेलात, पण म्हणतो ‘पाणी देणे’च.

पोलाद १०८४, म्हणजे कार्बन साधारण ०.८४ टक्के. पाठ ४ मिमी, पाते १०५ मिमी, आणि मुठीच्या शेवटापर्यंत एकच पट्टी. घडाई संपली की पाते तीन वेळा तापवून हवेत निववायचे, दर वेळी आधीपेक्षा थोडे कमी तापवायचे. भट्टीत वाढलेला पोलादाचा कण त्याने पुन्हा बारीक होतो. मग घासायच्या बेल्टवर धारेकडे उतार काढायचा, पण धारेशी पाऊण मिलिमीटर जाडी राखून. त्याहून पातळ केले तर पाणी देताना पीळ पडतो, नाहीतर धारेला चीर जाते. पुढे ८१५ अंश सेल्सिअस. ७७० च्या सुमाराला पाते चुंबकाला चिकटेनासे होते, तेवढ्यावर पाते बाहेर काढणारे बरेच भेटतात. तिथून अजून थोडे वर जावे लागते. शेवटी ५० अंशांच्या कनोला तेलात टोक खाली करून सरळ सोडायचे आणि धारेच्या दिशेने हलवायचे. आडवे हलवले की वाकलेच.

एवढे सगळे बिनचूक झाले. चुकले ते तेल. भांड्यात होते फक्त पाच लिटर. दोनशे ग्रॅमचे लालभडक पाते बुडवले की एवढे तेल दहा-अकरा अंशांनी तापते. घाईत बारा-बारा पाती एकामागून एक गेली. बारावे पाते उतरले तेव्हा तेल दीडशेच्याही पुढे गेलेले. १०८४ ला वरची उष्णता सेकंदभरात टाकता आली पाहिजे, नाहीतर आत मऊ पोलाद तयार होते. कडक पात्यावर कानस घसरते, मऊ पात्याला ती खाते. ती लावून पाहिली होती, पण प्रत्येक खेपेतल्या पहिल्या दोन पात्यांवर. ती पाती कडकच होती, कारण तेव्हा तेल ठीक होते! मग २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा टेंपर केले, म्हणजे ठिसूळपणा जाण्यासाठी पुन्हा मंद तापवले, मुठी बसल्या, म्याने शिवली, भेटी रवाना झाल्या.

सुट्ट्या संपल्या तसे चाकू परत येऊ लागले. ‘धार टिकत नाही’ एवढ्याने काहीच कळत नाही. नेमके सांगितले ते डोंगरावर माणसे घेऊन जाणाऱ्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकाने : ‘सुके लाकूड तासताना धार वळते, तुटत नाही.’ तुटली असती तर टेंपर कमी पडले असते. वळली म्हणजे पाणीच लागले नाही. पितळी सळईवर धार दाबून सरकवली तर ती किंचित झुकून परत सरळ झाली पाहिजे. परत आलेल्यांपैकी बहुतेक झुकली ती झुकलीच.

पुन्हा पाणी द्यावे म्हटले तर पिना कापून मुठी काढाव्या लागल्या, आणि धार आता पातळ झालेली. निम्मी पाती पीळ खाऊन बाद झाली. छत्तीसच्या छत्तीस नवी करून दिली. त्या वर्षीची मिळकत तिथेच संपली आणि मुठी-म्याने करणारा भागीदारही निघून गेला.

तो गेला याचे दुःख नाही. त्यानंतर तो तयार पाती आणून त्यांना मुठी चिकटवतो आणि ‘हाताने घडवलेला, तीन दिवसांत घरपोच’ म्हणून विकतो, हे मात्र खुपते. हिशेब करून बघा. घडाई, पाणी, टेंपर आणि घासणी मिळून दोन-तीन दिवस. मूठ चिकटवणारे हळू सुकणारे इपॉक्सी चोवीस तास. पाच मिनिटांत घट्ट होणारे मिळते, पण ओल आणि हादरा लागला की तेच आधी सुटते. लाकडावर जवसाच्या तेलाचे चार हात, दिवसाला एक. म्यान ओले करून पात्यावर बसवायचे, तेही पुरते सुकायला हवे. नऊ दिवसांच्या आत चाकू म्यानात गेला तर मधले काहीतरी गाळलेले असते.

भेट देणाऱ्यांना एकच विचारतो, हाताचे माप आणलेत का? तळव्याची रुंदी अधिक दोन सेंटीमीटर, एवढी मूठ हवी. नवख्याला सहा मिलिमीटर जाडीचे धूड देऊ नका. ते लाकूड फोडते, कापत काहीच नाही. आणि चाकू म्यानात ठेवून कपाटात टाकू नका. चामडे ओल धरते, कार्बन पोलादावर आठवड्यात डाग दिसतात. पुसून, तेलाचा पुसट हात देऊन, बाहेर ठेवा.

आता भांड्यात वीस लिटर तेल असते आणि कडेला थर्मामीटर अडकवलेला. चार पाती झाली की हात थांबवायचा, पारा पन्नाशीला उतरला की पुढचे. प्रत्येक पात्याला कानस, आणि धार लावल्यावर प्रत्येकाला पितळी सळई. पाणी दिल्यानंतर बेल्टवर उघड्या हातानेच धरायचे. बोटाला चटका बसला की बादलीत. निळा रंग दिसला तर टेंपर गेलेच.

डोंगरवाल्या गिऱ्हाइकाची यंदाची पाकिटे आली आहेत. पाच सोबत्यांचे पंजे, कागदावर पेन्सिलीने रेखलेले. एकापुढे ‘डावखुरा’ लिहिले आहे, म्हणजे त्याच्या म्यानाचा पट्टा उलट्या बाजूला शिवायचा.