गुलाबी रंगातून चौकातली हवा मोजताना

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी पुण्यातल्या नळ स्टॉपच्या चौकातला नायट्रोजन डायऑक्साइड मोजायला घेतला. सुधारित जेकब्ज-हॉकहायझर पद्धत, म्हणजे रंगावरून मोजणी. रंग आणणं खरंच अवघड नाही. त्या रंगावर विसंबता येईल असं सँपलिंग करणं मात्र अवघड, आणि माझा बराच वेळ त्यातच गेला.

पंप मिनिटाला एक लिटर हवा ओढतो. ती इम्पिंजरमधल्या, म्हणजे हवा द्रावणातून नेणाऱ्या काचेच्या नळकांड्यातल्या, सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम आर्सेनाइटच्या द्रावणातून बुडबुडत जाते आणि वायू नायट्राइट होऊन तिथेच अडकतो. चार तास हेच. या वेळात नजर ठेवायची ती हवेचा वेग दाखवणाऱ्या रोटामीटरच्या गोटीवर. पंप तापला किंवा नळी जराशी सैल झाली, की गोटी खाली येते. मग नेमकी किती हवा गेली हेच कळत नाही, आणि पुढे रंग कितीही छान आला तरी सँपल वाया. म्हणून मी सतत वहीत नोंद करत राहिले. उन्हाने द्रावण आटतं. तेही लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालून मूळ खुणेपर्यंत आणायचं.

लॅबमध्ये आधी पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे सल्फर डायऑक्साइडची लुडबुड होत नाही. मग फॉस्फोरिक आम्लातलं सल्फानिलामाइड, शेवटी नेडा हे रंग आणणारं रसायन. पाण्यासारखं स्वच्छ द्रावण हळूहळू फिकट गुलाबी होतं आणि दहा मिनिटांत रंग पक्का होतो. रसायनशास्त्रज्ञ पीटर ग्रीस यांनी १८५८ मध्ये शोधलेली डायझो अभिक्रिया ती हीच. हे बघताना मी दर वेळी हरखून जायचे. कारण या वायूची आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम. तेवढी प्रदूषित हवा असली, तरी २४० लिटरमध्ये हा वायू जेमतेम १९ मायक्रोग्रॅम भरतो. एका ग्रॅमचा सुमारे पन्नास हजारावा भाग, आणि तो डोळ्यांना दिसतो!

रंगाची गडदता मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं, त्यातून ब्लँक, म्हणजे हवा न ओढलेल्या द्रावणाचं रीडिंग, वजा करायचा, कॅलिब्रेशनच्या, म्हणजे माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून आखलेल्या, रेषेवरून नायट्राइट काढायचं आणि ०.८२ ने भागायचं, कारण सगळा वायू द्रावणात पकडला जात नाही. वापरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही, त्यात आर्सेनिक असतं. ते वेगळ्या बाटलीत, लेबल लावून.

संध्याकाळच्या गर्दीतला आकडा मोठा आला, की तो लगेच ८० शी ताडून पाहायचा मोह होतो. पण ती मर्यादा पूर्ण २४ तासांच्या सरासरीची आहे. त्यामुळे मी रात्रीचं सँपलिंगही प्रोजेक्टमध्ये घेतलंच.