यंत्रमानवांचे बंड आणि बोलका हातमोजा

राजारामपुरीतील आमच्या घरी, बाहेर पाऊस कोसळत असताना, २०२३ मध्ये आलेला ‘अ‍ॅटॉमिक हार्ट’ हा गेम मी पूर्ण केला. १९५५ च्या काल्पनिक सोव्हिएत संघात माणसांची सेवा करणारे यंत्रमानव एकाएकी त्यांच्यावरच उलटतात. झुपकेदार मिशांचा, निर्विकार चेहऱ्याचा यंत्रमानव उडी मारून लाथ घालतो, तेव्हा त्याला नायकाच्या हातातील बोलक्या हातमोज्याच्या शक्तीने गोठवून कुऱ्हाडीचा घाव घालण्यात जी रंगत आहे, ती मला अन्य नेमबाजीच्या खेळांत क्वचितच मिळाली.

मोकळ्या प्रदेशात मात्र ही रंगत ओसरते; कारण मोठ्या कष्टाने पाडलेले शत्रू उडती दुरुस्तियंत्रे पुन्हा उभे करतात आणि जपून ठेवलेली काडतुसे वाया जातात. हातमोज्याची अखंड बडबडही कथेतील भय पातळ करते. मिक गॉर्डन यांचे संगीत तेवढे अस्सल आहे.